अंधारात किती उजेड लागतो?

टॉर्चच्या खोक्यावर तीन आकडे ठळक छापलेले असतात. समजा १००० लुमेन, ३०० मीटर, ४० तास. तिन्ही खरे असू शकतात, फक्त एकाच वेळी नाही. हजार लुमेन पहिली काही मिनिटं, चाळीस तास बहुधा सगळ्यात मंद पायरीवर. आणि तीनशे मीटर म्हणजे नेमकं काय, ते खोक्यावर सहसा लिहिलेलं नसतं.

या मोजमापांसाठी २००९ साली अमेरिकेत एफएल-१ नावाचं मानक आलं आणि आज बहुतेक नावाजलेले उत्पादक तेच वापरतात. त्यानुसार टॉर्चचा पल्ला म्हणजे जिथे पडणारा उजेड ०.२५ लक्सवर (लक्स हे एखाद्या जागी पडणाऱ्या उजेडाचं माप) येतो ते अंतर. हा उजेड साधारण पौर्णिमेच्या टिपूर चांदण्याइतका. तेव्हा तीनशे मीटरवर उभी असलेली आकृती माणूस आहे की झुडूप, हे कळेलच असं नाही. मी छापील पल्ला सरळ निम्मा धरतो, कारण निम्म्या अंतरावर उजेड चौपट होतो. उलटंही तितकंच खरं: पल्ला दुप्पट हवा तर झोताची तीव्रता चौपट लागते. ही तीव्रता कँडेलात मोजतात. तिचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं की पल्ला मीटरमध्ये मिळतो. १०,००० कँडेलाचे २०० मीटर.

लुमेन आणि कँडेला यांतला फरक बागेत पाणी घालणाऱ्याला लगेच कळेल. नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते, पाणी काही वाढत नाही. लुमेन म्हणजे एकूण पाणी, कँडेला म्हणजे धारेचा जोर. लांबचं शोधायचं तर धार हवी. पायवाटेवर चालायला, तंबूत, स्वयंपाकघरात शिंतोडे बरे.

तासांच्या आकड्यात आणखी एक खोच आहे. टॉर्च लावल्यानंतर तिसाव्या सेकंदाला जो उजेड असतो, त्याच्या १० टक्क्यांवर तो उतरेपर्यंतचा सगळा वेळ त्यात मोजतात. मधल्या काळात उजेड कसा उतरत गेला, हे आलेख पाहिल्याशिवाय कळत नाही. प्रखर टॉर्च तर उतरणारच. एलईडीला दिलेल्या विजेचा मोठा भाग उष्णता होतो, मुठीएवढं अॅल्युमिनियमचं नळकांडं ती फार वेळ झेलू शकत नाही, मग आतलं सर्किट स्वतःच उजेड कमी करतं. टॉर्च बिघडली असं समजून लोक ती परत करायला निघतात.

पण एवढी प्रखरता लागते कुठे? उजेड दुप्पट केला तरी डोळ्यांना तो दुप्पट वाटत नाही. तसं वाटायला चौपटीहून अधिक लागतो. शिवाय अंधाराला पुरतं सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटं लागतात. दृष्टिपटलातल्या, अंधुक उजेडात पाहणाऱ्या दंडपेशींत ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य हळूहळू साठतं, आणि प्रखर झोत एकदा डोळ्यांत गेला की ही कमाई पाण्यात. म्हणून मी टॉर्च घेताना सगळ्यात मंद पायरी आधी पाहतो. एक ते पाच लुमेनमध्ये नकाशा वाचता येतो, पिशवीतलं औषध सापडतं. चालायला पन्नास-शंभर पुरतात. लाल दिवा असेल तर उत्तम. गडद लाल प्रकाश दंडपेशींना जवळजवळ जाणवतच नाही.

डोक्यावरच्या दिव्याने हात मोकळे राहतात, पण धुक्यात तो घात करतो. उजेड डोळ्यांजवळूनच निघतो, थेंबांवरून थेट डोळ्यांत परततो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. अशा वेळी तो काढून कमरेपाशी धरावा. जमिनीवर सावल्याही पडतात आणि खड्डा खड्ड्यासारखा दिसू लागतो.

मराठीत टॉर्चलाच बॅटरी म्हणतात, ‘जरा इकडे बॅटरी मार’. आणीबाणीपुरतं ते अगदी बरोबर आहे, कारण वेळेला दगा देते ती बॅटरीच. दोन वर्षं खणात पडलेली माझी एक टॉर्च उघडायला गेलो तर मागचं झाकण फिरेना. पक्कड लावून फिरवलं तेव्हा पांढरा भुगा सांडला आणि आतली स्प्रिंग हिरवी पडलेली. अल्कलाइन सेलमधलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड गळतं आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून असे स्फटिक बनतात. हातमोजे घालून व्हिनेगरच्या बोळ्याने पुसलं की कधी कधी टॉर्च वाचते. माझी नाही वाचली. नवे-जुने सेल एकत्र घातले तर हा धोका वाढतो.

संकटासाठी ठेवायच्या टॉर्चमध्ये सेल बाहेर काढून ठेवावेत, किंवा एकदा वापरून टाकायचे लिथियमचे एए सेल घालावेत. ते सहसा गळत नाहीत, वजनाला हलके, उणे ४० अंशांतही चालतात आणि वीस वर्षांपर्यंत टिकतात. रोजच्या वापराला १८६५० हा रिचार्ज होणारा सेल छान. आकडा म्हणजे १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी. पण तो पूर्ण भरून गरम जागी ठेवला की लवकर म्हातारा होतो, आणि वीज गेल्यावर तो भरणार कशावर? इलेक्ट्रॉनिक बटण असलेली टॉर्च बंद असतानाही थोडी वीज पीत राहते. बऱ्याच टॉर्चमध्ये मागचं झाकण पाव फेरा सैल केलं की ते थांबतं.

पाण्यासाठी आयपीएक्स-७ पाहा, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. त्यातला एक्स म्हणजे धुळीची चाचणी झालेली नाही.

डोंगरात अडकलात तर इशाऱ्याची रीत जुनी आहे. मिनिटभरात सहा वेळा झोत दाखवायचा, मग मिनिटभर अंधार, पुन्हा सहा. कुणी पाहिलं असेल तर समोरून मिनिटाला तीन झोत येतात. तोवर सेल पुरवायचा तर मधल्या वेळात एक लुमेनवर बसायचं.