गोव्यातील संगणकीय यामिकी : संशोधनाच्या नोकऱ्या

घन पदार्थांतील ताण, द्रवांचे प्रवाह, कंपने आणि उष्णतेचे वहन यांची समीकरणे संगणकावर अंकीय पद्धतीने सोडवणारी शाखा म्हणजे संगणकीय यामिकी. पूल, जहाज वा पंप बांधण्याआधी तो कसा वागेल हे तिच्यातून अजमावतात. याच कामाला अभियंते सिम्युलेशन म्हणतात. फायनाईट एलिमेंट पद्धत (वस्तूचे लहान लहान तुकडे करून गणित सोडवणे) आणि सीएफडी (द्रव-वायूंच्या प्रवाहांचे संगणकीय गणित) ही त्यातली नेहमीची हत्यारे.

गोव्यात 'संगणकीय यामिकी' असे नाव शोधत बसणाऱ्याच्या हाती फारसे लागत नाही. यांत्रिकी, स्थापत्य, गणित आणि सागरविज्ञान अशा विभागांच्या जाहिरातींत हे काम दडलेले असते. झुआरीनगरचे बिट्स पिलानी (2004), 2010 साली सुरू झालेली आणि आता कुंकळ्ळीला असलेली एनआयटी, 2016 ची आयआयटी ही शिक्षणसंस्थांची फळी. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत (1966) भरती-ओहोटी, लाटा, मांडवी-जुवारीच्या मुखातील खारेपणा यांची प्रतिमाने चालवली जातात. यांत्रिकीची मुले तिकडे सहसा फिरकत नाहीत, पण सीएफडीमागची समीकरणे तीच आहेत. वास्कोचे गोवा शिपयार्ड (1957) जहाजे बांधते, तिथे भरती मात्र उद्योगाच्या पद्धतीने होते.

बहुतेक संशोधन पदे प्रकल्पाच्या निधीवर असतात. प्रकल्प संपला की पदही संपते. नेट किंवा गेट उत्तीर्ण ज्युनियर रिसर्च फेलोला जानेवारी 2023 पासून केंद्राच्या दराने महिना 37,000 रुपये आणि सिनियर झाल्यावर 42,000 रुपये, वर घरभाडे भत्ता. याच पदावरून पीएचडीला नोंदणी होते का, हे रुजू होण्याआधी विचारून घ्यावे.

अ‍ॅन्सिस किंवा अबॅकस ही सिम्युलेशनची विकतची सॉफ्टवेअर चालवता येतात, एवढ्याने उमेदवाराचे वजन वाढत नाही. इंग्रजी एल आकाराच्या ब्रॅकेटच्या आतल्या टोकदार कोपऱ्यात ताण किती, असा साधा प्रश्न घ्या. मेश, म्हणजे गणितासाठी वस्तूवर आखलेली तुकड्यांची जाळी, बारीक करत गेलो की तिथला आकडा वाढतच जातो, कुठे थांबत नाही. कारण रेषीय स्थितिस्थापकतेच्या (ताणाच्या प्रमाणातच वस्तू विकृत होते असे मानणाऱ्या) गणितात त्या बिंदूला ताण अनंत असतो. हे ओळखून कोपऱ्याला गोलाई देणारा आणि मग आकडा स्थिरावतो का ते पाहणारा उमेदवार खरा कामाचा. रंगीत चित्रे काय, कोणीही काढतो. परवान्याचे पैसे नसतील तर ओपनफोम हे सीएफडीचे सॉफ्टवेअर फुकट मिळते, आणि मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करणाऱ्या आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने त्याचे शिक्षणसाहित्यही खुले ठेवले आहे.

राज्य सरकारच्या पदांचे, उदाहरणार्थ फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील अध्यापकांचे, नियम वेगळे. तिथे साधारणपणे 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. कोकणी आवश्यक आणि मराठी इष्ट मानली जाते. केंद्रीय संस्थांच्या प्रकल्प-पदांना वास्तव्याची वा भाषेची ही अट नसते, त्यामुळे सिंधुदुर्ग-बेळगावच्या उमेदवारांनाही ती खुली असतात.