केशधावन, कंडिशनिंग व शिरोमर्दन (केशभूषा व्यवसाय)

सलून वा पार्लरमध्ये शिकाऊ कारागिराच्या हाती बहुधा सर्वांत आधी सोपवले जाणारे काम. त्यामुळेच ते हलके समजले जाते. प्रत्यक्षात गिऱ्हाइकाला इजा होण्याचा धोका कात्रीइतकाच बेसिनपाशीही असतो. आयटीआयच्या कॉस्मेटॉलॉजी अभ्यासक्रमात त्याचा समावेश आहे.

सुरुवात डोके तपासण्यापासून होते. जखम, गजकर्ण किंवा उवा आढळल्यास काम पुढे नेत नाहीत. कोरड्या केसांतील गुंता आधीच सोडवतात, कारण ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो.

बेसिनच्या कडेवर मान टेकवताना खाली घडी केलेला टॉवेल हवाच. मान फार मागे वाकली तर मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या रोहिण्यांवर ताण येऊ शकतो. अमेरिकी चेतातज्ज्ञ मायकेल वाइनट्रॉब यांनी १९९३ मध्ये केस धुताना मान अशी वाकल्यानंतर पक्षाघातासारखी (स्ट्रोक) लक्षणे दिसलेल्या पाच महिलांची नोंद केली, तेव्हापासून ‘ब्यूटी पार्लर स्ट्रोक’ हे नाव रूढ झाले. हा प्रकार विरळा आहे. तरी वयस्कर गिऱ्हाइकाला चक्कर येते का, हे विचारायला अर्धे मिनिटही लागत नाही.

पाणी कोमट आहे ना, हे आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर पाहतात. शांपू थेट डोक्यावर न ओतता तळहातावर पसरून घेतात. बोटांच्या पेरांनी, नखे न लावता, कपाळाकडून टाळूकडे व तेथून मानेकडे गोलाकार चोळतात. तेल लावलेल्या डोक्याला दोनदा शांपू लावावा लागतो; पहिल्या वेळी फेस कमी येतो म्हणून शांपू वाढवणे ही नवशिक्यांची नेहमीची सवय. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा साका केसांवर बसतो. शांपूतील संश्लेषित प्रक्षालकांचा (डिटर्जंट) तसा बसत नाही.

धुतलेल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. कंडिशनरमधील धनभारित रेणू तेथे चिकटतात, घर्षण कमी होते आणि केस विंचरायला सोपे जातात. हा भार झिजलेल्या टोकांशी अधिक असतो, म्हणून कंडिशनर मध्यापासून टोकांपर्यंत लावतात, मुळांशी नाही. मग रुंद दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर विंचरतात.

मसाजचे मुख्य प्रकार तीन: तळव्याने संथ फिरवणे (एफ्लुराज), त्वचा उचलून मळणे (पेट्रिसाज) आणि पेरांनी चोळणे (फ्रिक्शन). चोळताना बोटे केसांवरून घसरू न देता खालची त्वचाच हलवायची असते. दोन्ही हातांपैकी एक सतत डोक्याला टेकलेला ठेवतात. रंग, ब्लीच किंवा स्ट्रेटनिंगच्या आधी जोरात चोळणे टाळतात, नाहीतर रसायन लागताच त्वचेची आग होते. मसाजने केस उगवतात हा दावा गिऱ्हाइकापुढे न केलेला बरा. आपल्याकडच्या चंपीनंतर मान कडकन मोडण्याची प्रथा मात्र प्रशिक्षणातून पूर्ण वगळावी. वर सांगितलेल्या त्याच रोहिण्या तिथे धोक्यात येतात.

दिवसभर ओल्या हातांनी काम केल्याने शिकाऊंच्या बोटांच्या बेचक्यांत त्वचादाह होतो. नायट्राइलचे हातमोजे, बेचक्या कोरड्या पुसणे व मलम, एवढे पहिल्या आठवड्यापासूनच करावे लागते.