माशाच्या पेशीतला वस्ताद

करवीर-कागल भागात शेततळ्यात रोहू-कटला पाळणाऱ्यांना लाल चट्ट्यांचं दुखणं सांगावं लागत नाही. खवले सुटतात, पोट फुगतं, अंगावर जखमा होतात. पुष्कळदा त्यामागे एरोमोनास हा जिवाणू असतो. पण सगळी हानी त्याचीच नसते. जिवाणू मारायला माशाचं शरीर जी रसायनं सोडतं, ती शेजारच्या निरोगी पेशींनाही सोडत नाहीत. म्हणून प्रतिकारशक्तीला वेळेवर आवर घालणारं कुणीतरी लागतं, तालमीत जोड हातघाईवर आली की मध्ये पडणाऱ्या वस्तादासारखं. हे काम करणाऱ्यांपैकी एक म्हणजे मायक्रोआरएनए.

आरएनए म्हणजे पेशीतला, रासायनिक अक्षरांच्या माळेसारखा रेणू. मायक्रोआरएनए हा त्याचा जेमतेम २२ अक्षरांचा तुकडा. प्रथिनाचा निरोप नेणाऱ्या लांब आरएनएला तो चिकटतो. मग त्या निरोपातून प्रथिन बनत नाही, किंवा कमी बनतं. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांनी १९९३ मध्ये तो मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत दाखवला. त्याबद्दल त्यांना २०२४ चं नोबेल मिळालं.

माशांमधली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट चीनमधल्या मिउई क्रोकरची आहे. हा आपल्या घोळीच्या कुळातला मासा. जिवाणूचा संसर्ग झाला की त्याच्या पेशींत एमआयआर-३५७० नावाचा मायक्रोआरएनए वाढतो आणि मायडी८८ हे प्रथिन कमी करतो. धोक्याचा इशारा पुढे नेणारं हे प्रथिन घटलं की दाह ओसरतो. माशाच्या हिताचंच.

पण ऱ्हॅब्डोव्हायरस, म्हणजे रेबीजच्या कुळातला विषाणू, शिरला तरीही हाच एमआयआर-३५७० वाढतो. या वेळी तो एमएव्हीएस हे प्रथिन घटवतो. विषाणूविरुद्ध लढायला लागणारं इंटरफेरॉन हे प्रथिन बनवण्याचा इशारा एमएव्हीएसमधूनच जातो, त्यामुळे इंटरफेरॉन कमी पडतं आणि विषाणूला वाढायला मोकळं रान मिळतं. माशाचीच शिस्त विषाणूच्या पथ्यावर पडते! २०१७ आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेले हे दोन शोधनिबंध शेजारी ठेवून वाचावेत असे आहेत.

मग हा मायक्रोआरएनए औषधानं बंद करून टाकावा का? कल्पना मोहात पाडणारी आहे, पण घाईची. तळ्यात विषाणू आणि जिवाणू पाळीपाळीनं येत नाहीत. विषाणूसाठी आवर काढून घेतला आणि त्याच आठवड्यात एरोमोनास आला, तर दाह थांबवणार कोण? शिवाय एकेक मायक्रोआरएनए अनेक निरोपांवर बसतो. एक सोडवायला जावं तर दुसरेही सुटतात.