फाइल नवी आली की जुनी पुसली?

तुमच्या लॅपटॉपवरच्या फोल्डरमध्ये बारशाचा एक फोटो नाही, पण सर्व्हरवर, म्हणजे इंटरनेटवरून फाइल साठवणाऱ्या संगणकावर, तो आहे. अशा वेळी दोन्हीकडच्या फाइल जुळवणाऱ्या सिंक प्रोग्रॅमने काय करायचं? दुसऱ्या कुणी तो फोटो नुकताच चढवला असेल तर तो लॅपटॉपवर उतरवून घ्यायला हवा. तुम्हीच तो मघाशी पुसला असेल तर सर्व्हरवरूनही काढायला हवा. आत्ता कुठे काय आहे एवढ्यावरून हे ठरवता येत नाही, प्रोग्रॅम कितीही हुशार असो. अंदाज चुकला तर पुसलेली फाइल पुन्हा उगवते, नाहीतर कुणाचा तरी फोटो गायब होतो.

२००७ साली ड्रू ह्यूस्टन आणि अराश फर्दौसी यांनी सुरू केलेल्या, लोकांच्या फाइल इंटरनेटवर साठवून त्यांच्या सगळ्या मशीनवर जुळत्या ठेवणाऱ्या ड्रॉपबॉक्स कंपनीचा सगळा डोलारा या प्रश्नावर उभा आहे. तिच्या डेस्कटॉप प्रोग्रॅममधलं मूळ सिंक इंजिन पायथॉन भाषेत लिहिलेलं होतं. वर्षानुवर्षं त्यात भर पडत गेली, ठिगळं लागत गेली. २०१६ पासून सुमारे चार वर्षं खपून कंपनीच्या अभियंत्यांनी ते मुळापासून नव्याने, रस्ट या भाषेत लिहिलं आणि २०२० मध्ये त्यामागचा विचार जाहीरपणे मांडला. नव्या इंजिनाचं नाव न्यूक्लियस.

चालतं सॉफ्टवेअर मोडून नवं लिहायचं म्हटलं की जाणती माणसं आधी 'नको' म्हणतात, आणि त्याला कारण आहे. १९९८ मध्ये नेटस्केप कंपनीने आपला ब्राउझर नव्याने लिहायला घेतला. तो बाजारात यायला २००० सालचा नोव्हेंबर उजाडला आणि तोवर मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोरर या ब्राउझरने मैदान मारलं होतं. म्हणून सहसा रिफॅक्टरिंगचा मार्ग धरतात. प्रोग्रॅमचं बाहेरून दिसणारं वागणं तेच ठेवायचं आणि आतली रचना थोडी थोडी सुधारत न्यायची. मग ड्रॉपबॉक्सने हा धोका का पत्करला?

कारण खोट कोडच्या ओळींपेक्षा खोल होती. कुठल्या गोष्टींची नोंद ठेवायची, हेच मुळात चुकलं होतं.

जुनं इंजिन कामांची यादी साठवायचं: ही फाइल चढव, ती उतरव. यादीतलं एखादं काम चुकीचं पडलं तर ते चुकीचं आहे हे ओळखायला हाताशी काहीच नसे. न्यूक्लियस कामं साठवत नाही, जे दिसलं तेवढंच नोंदवून ठेवतं. त्यासाठी ते फोल्डर-फाइलींच्या रचनेची तीन चित्रं बाळगतं. संगणकाच्या भाषेत अशा रचनेला ट्री म्हणतात. पहिला ट्री सर्व्हरवर काय आहे ते सांगतो, दुसरा तुमच्या डिस्कवर काय आहे ते. तिसरा या दोन्ही बाजू शेवटच्या जुळल्या होत्या तेव्हा काय होतं, ते सांगतो. दोन भागीदारांच्या वह्यांमध्ये फरक निघाला की मागचा हिशोब मिटला होता ते पान काढतात, तसंच हे.

आता बारशाच्या फोटोकडे पुन्हा पाहा. सर्व्हरवर आहे, लॅपटॉपवर नाही, तिसऱ्या ट्रीमध्येही नाही. म्हणजे तो नवा आहे, उतरवून घ्या. तिसऱ्या ट्रीमध्ये असेल तर तो पूर्वी दोन्हीकडे होता आणि लॅपटॉपवरून पुसला गेला, तेव्हा सर्व्हरवरूनही काढा. करायची कामं या तीन नोंदींच्या तुलनेतून दर वेळी नव्याने काढता येतात. वीज जाऊन मशीन मध्येच बंद पडलं तरी फारसं बिघडत नाही, कारण नोंदी शाबूत असतात.

दुसरी खोट फाइलच्या ओळखीत होती. जुन्या रचनेत फाइलची ओळख म्हणजे तिचा पत्ता, म्हणजे ती कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते. त्यामुळे दहा हजार फोटोंचं फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवलं की इंजिनाच्या लेखी ते जुन्या जागेवरून पुसणं आणि नव्या जागी घालणं, अशी दोन वेगळी कामं होत. त्यातलं पुसण्याचं काम झालं आणि नेमकं तेव्हाच इंटरनेट गेलं, तर? दुसऱ्या मशीनवर बसलेल्या माणसाला फोटो गेलेलेच दिसणार. न्यूक्लियसने प्रत्येक फाइलला आणि फोल्डरला कायमचा क्रमांक दिला. फोल्डर हलवलं की त्याच्या नोंदीतलं फक्त 'कशाच्या आत आहे' हे बदलतं. आतले दहा हजार फोटो जागचे हलत नाहीत आणि अर्धवट अवस्था उरतच नाही.

जुन्या पद्धतीत आणखी एक सवलत होती: फाइलची माहिती तिच्या फोल्डरच्या माहितीआधी पोहोचली तरी चालायचं. अशा पोरक्या नोंदी स्थानिक डेटाबेसमध्ये पडून राहत. त्यांतली कुठली चार सेकंदांत आपोआप मार्गी लागेल आणि कुठली खऱ्या बिघाडाची खूण आहे, हे सांगता येत नसे. नव्या रचनेत सर्व्हरने अशी नोंद पाठवणं हीच गंभीर चूक मानली जाते. मला हा निर्णय सगळ्यांत मोलाचा वाटतो. चुकीची अवस्था साठवायची सोयच नसेल तर तिला तोंड देणारा कोडही लिहावा लागत नाही. एवढा पायाभूत बदल ठिगळं लावत होण्यासारखा नव्हता, म्हणून इथे नव्याने लिहिणं मला रास्त वाटतं.

पण नवं इंजिन भरवशाचं आहे हे ठरवायचं कसं? दोन कामं नेमकी एकाच क्षणी आदळली की उद्भवणारे दोष फार छळतात. एकदा दिसतात, मग शोधायला गेलं की सापडत नाहीत. म्हणून न्यूक्लियसमधलं जवळजवळ सगळं निर्णयाचं काम एकाच धाग्यावर (थ्रेडवर), म्हणजे एका वेळी एकच काम करत, ठरलेल्या क्रमाने चालतं. चाचणीत डिस्क, नेटवर्क आणि घड्याळही नकली. कुठे नेटवर्क तोडायचं, कुठे प्रोग्रॅम पाडायचा, हे एका यादृच्छिक, म्हणजे कसाही निवडलेल्या, आकड्यावरून ठरतं. चाचणी फसली तर तोच आकडा पुन्हा द्यायचा, की तोच अपघात जसाच्या तसा पुन्हा घडतो आणि अभियंत्याला तो पायरी पायरीने तपासता येतो.

दुसऱ्या एका प्रकारच्या चाचणीत यादृच्छिक तीन ट्री बनवून इंजिनापुढे टाकतात आणि शेवटी तिन्ही एकसारखे होतात का ते पाहतात. एवढ्यावर मात्र भागत नाही. सगळ्या फाइल पुसून टाकणारं इंजिनही या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवेल, कारण रिकामे तीन ट्री एकसारखेच असतात! म्हणून आणखी अटी घालाव्या लागतात. उदाहरणार्थ, सुरुवातीला फक्त सर्व्हरवर फाइल असतील आणि बाकी दोन ट्री रिकामे असतील, तर शेवटी तिन्ही सर्व्हरसारखेच व्हायला हवेत. एखादी अट मोडली तर चाचणीचा प्रोग्रॅम त्या ट्रीमधली एकेक फाइल, एकेक फोल्डर काढून पाहत जातो आणि दोष ज्यात अजून दिसतो असं सगळ्यांत छोटं उदाहरण अभियंत्याच्या हाती देतो.