कॉलेज हॉकीची गर्दी: बाक, दारे आणि बर्फावरचा मासा

हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गवताचे मैदान उभे राहते. अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि मिशिगन, मिनेसोटा, विस्कॉन्सिन, नॉर्थ डकोटा या थंड राज्यांत मात्र हॉकी म्हणजे बंदिस्त इमारतीतला, साधारण ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद बर्फावरचा खेळ. विद्यापीठांचे संघ तो खेळतात, आणि प्रेक्षकांत सर्वांत मोठा आवाज विद्यार्थ्यांचा असतो. या सामन्यांना किती माणसे बसवायची, त्यांना कसे बाहेर काढायचे आणि त्यांनी काय फेकायचे नाही, याविषयीचे आजचे नियम शंभराहून अधिक वर्षांत, बहुतेक वेळा एखादी दुर्घटना घडून गेल्यावर तयार झाले आहेत. त्यातील बऱ्याचशा दुर्घटना हॉकीच्या नव्हत्याच.

सुरुवात बॉस्टनपासून करावी लागते. १९१० मध्ये तेथे ‘बॉस्टन अरीना’ उघडली. १९१८ मध्ये ती आगीत जळाली आणि १९२१ मध्ये पुन्हा उभी राहिली. बॉस्टन परिसरातील चार विद्यापीठांची ‘बीनपॉट’ ही स्पर्धा १९५२ च्या डिसेंबरात याच इमारतीत सुरू झाली आणि लगेच पुढच्या खेपेला अधिक मोठ्या बॉस्टन गार्डनमध्ये गेली. जुनी इमारत १९७९ मध्ये नॉर्थईस्टर्न विद्यापीठाने घेतली आणि पुढे ती ‘मॅथ्यूज अरीना’ या नावाने ओळखली जाऊ लागली. याच शहरात २८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री ‘कोकोनट ग्रोव्ह’ या नाइटक्लबला आग लागून ४९२ माणसे मेली होती. मुख्य दार फिरते होते आणि पळणाऱ्या माणसांच्या रेट्याने ते अडकले. इतर दारांपैकी काही कुलूपबंद होती, तर काही आत उघडणारी असल्यामुळे दाराला टेकलेल्या गर्दीमुळेच उघडेनात. दार बाहेरच्या बाजूला उघडले पाहिजे आणि फिरत्या दाराशेजारी साधे दार असले पाहिजे, हे नियम त्यानंतर अमेरिकेत सर्वत्र कडक झाले. आज एखाद्या रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या बंदिस्त मैदानाच्या, दाराला छातीच्या धक्क्याने उघडणारी आडवी दांडी दिसते, तेव्हा त्यामागे अशा आगींचा इतिहास असतो.

क्षमतेचा हिशेब मुळात साधा आहे, पण तो खुर्च्यांवर थांबत नाही. अमेरिकी अग्निसुरक्षा संहितेत हातटेकू नसलेल्या बाकावर माणशी अठरा इंच धरले जातात, म्हणजे जेमतेम ४६ सेंटिमीटर. जानेवारीच्या थंडीत जाड कोट घालून आलेल्या, मांडीवर टोपी आणि हातमोजे घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याला अठरा इंच पुरत नाहीत. म्हणून तो उभा राहतो, आणि एक उभा राहिला की मागच्या रांगेला बसून काही दिसत नाही. बाकांचा हिशेब झाला की दारांचा. सपाट वाटेवर माणशी ०.२ इंच आणि जिन्यावर ०.३ इंच रुंदी, असे सर्वसाधारण प्रमाण आहे. चव्वेचाळीस इंचांच्या दारातून या हिशेबाने २२० माणसे, तर तेवढ्याच रुंदीच्या जिन्यावरून १४६ माणसे धरता येतात. बाक वाढवणे सोपे असते, जुन्या विटांच्या भिंतीत नवे दार पाडणे महाग असते. त्यामुळे कित्येक कॉलेज रिंकची अधिकृत क्षमता शेवटी दारे आणि जिनेच ठरवतात. कॉर्नेल विद्यापीठाची लायना रिंक १९५७ ची. २००६ च्या विस्तारानंतर तिची क्षमता ३,८३६ वरून ४,२६७ झाली, म्हणजे एवढा खटाटोप करून ४३१ जागा वाढल्या.

याच लायना रिंकवर प्रेक्षकांच्या वागणुकीचा सर्वांत प्रसिद्ध अध्याय घडला. १९७३ मध्ये हार्वर्डच्या कोणा प्रेक्षकाने कॉर्नेलच्या गोलरक्षकावर मेलेली कोंबडी फेकली, अशी कथा सांगितली जाते. कॉर्नेलमध्ये कृषी महाविद्यालय आहे, तेव्हा ‘तुम्ही शेतकरी’ असा तो टोमणा होता. हार्वर्डचा संघ इथाकाला, म्हणजे कॉर्नेलच्या गावी, आला तेव्हा उत्तर म्हणून बर्फावर मासे पडले, कारण हार्वर्ड बॉस्टनलगतचे आणि त्या किनाऱ्याची ओळख मासेमारीची. तेव्हापासून हार्वर्डविरुद्धच्या सामन्यात मासे फेकण्याची प्रथा टिकून आहे. न्यू हॅम्पशायर विद्यापीठात कारण वेगळे, पण पदार्थ तोच: आपल्या संघाचा पहिला गोल झाला की एक मासा बर्फावर येतो. दुरून ही गंमत वाटते. बर्फावर उभ्या असलेल्या माणसाला ती तशी वाटत नाही. ओला मासा आपटला की खवले आणि पाणी क्षणात गोठून चिकटतात, आणि तेवढी जागा नीट खरवडली नाही तर पूर्ण वेगात येणाऱ्या खेळाडूच्या स्केटचे पाते तिथेच अडखळते. म्हणून आज बर्फावर वस्तू पडली की पंच खेळ थांबवतात, ध्वनिक्षेपकावरून ताकीद दिली जाते, आणि तरीही प्रकार चालू राहिला तर यजमान संघालाच दोन मिनिटांची शिक्षा, म्हणजे तेवढा वेळ एक खेळाडू कमी, होऊ शकते. फेकणाऱ्याला बाहेर काढले जाते ते वेगळेच. आपल्याच संघाला शिक्षा, हा उपाय मला पहारेकऱ्यांच्या रांगेपेक्षा शहाणपणाचा वाटतो, कारण मग शेजारी बसलेलाच हात धरतो.

आवाजाबाबत मात्र असा सोपा उपाय सापडलेला नाही. गोल झाला की प्रतिस्पर्धी गोलरक्षकाकडे बोट दाखवून ‘चाळणी, चाळणी’ अशा अर्थाचा गजर करणे, पाहुण्या संघाची नावे पुकारली जात असताना वर्तमानपत्र उघडून वाचत बसणे, हे सगळे निरुपद्रवी. मिशिगन विद्यापीठाच्या योस्ट अरीनामध्ये मात्र प्रतिस्पर्धी खेळाडू शिक्षेच्या कोठडीत जाताना शिव्यांची एक लांबलचक माळ म्हटली जात असे. ती थांबवावी अशी विनंती खुद्द तिथले प्रशिक्षक रेड बेरेन्सन यांनी केली, पण विद्यार्थ्यांनी ती फारशी मनावर घेतली नाही. योस्टची इमारत १९२३ ची, मुळात इतर खेळांसाठी बांधलेली आणि १९७३ मध्ये तिथे बर्फ आला. उंच छताखाली बाक बर्फाला इतके बिलगून आहेत की प्रत्येक शब्द खेळाडूच्या कानावर पडतो.

१९७८ चा हिवाळा या इतिहासात वेगळा काढून ठेवावा लागतो. १७ जानेवारीच्या रात्री कनेटिकटमधील हार्टफर्ड सिव्हिक सेंटरमध्ये महाविद्यालयीन बास्केटबॉलचा सामना सुमारे पाच हजार लोकांनी पाहिला आणि ते घरी गेले. काही तासांनी, १८ च्या पहाटे, बर्फाच्या भाराने सगळे छप्पर त्याच रिकाम्या खुर्च्यांवर कोसळले. कोणालाही इजा झाली नाही. पुढे दोषाचा माग छताच्या आराखड्यापर्यंत गेला. तीन आठवड्यांनी, ६ फेब्रुवारीला, बॉस्टन गार्डनमध्ये बीनपॉटचे उपांत्य सामने होते आणि बाहेर हिमवादळ सुरू झाले होते. तरी अकरा हजारांहून अधिक प्रेक्षक आले. रस्ते बंद होत असल्याच्या सूचना होऊनही अनेक जण शेवटपर्यंत बसून राहिले, आणि त्यांतील कित्येकांनी पुढचे काही दिवस त्याच इमारतीत बाकांवर झोपून, हॉट डॉग खाऊन काढले. अंतिम सामना १ मार्चपर्यंत पुढे गेला. सुरक्षेच्या दृष्टीने या दोन घटना एकमेकींच्या उलट आहेत: एकीकडे लोक वेळेत बाहेर पडले म्हणून वाचले, दुसरीकडे आत राहणेच सुरक्षित ठरले.

त्यानंतरच्या वर्षी, ३ डिसेंबर १९७९ ला, सिनसिनाटीच्या रिव्हरफ्रंट कोलिसियममध्ये एका रॉक संगीताच्या कार्यक्रमाच्या दाराशी झालेल्या चेंगराचेंगरीत अकरा जण मृत्युमुखी पडले. जागा राखीव नव्हत्या, जो आधी शिरेल त्याची पुढची जागा, आणि उघडलेली दारे थोडी. (याच इमारतीत १९९६ मध्ये कॉलेज हॉकीचा राष्ट्रीय अंतिम सामना झाला.) विद्यार्थ्यांसाठी राखलेला भाग अजूनही पुष्कळ ठिकाणी याच तत्त्वावर चालतो, आणि दारे उघडण्यापूर्वी बाहेर रांग कशी लावायची हा प्रश्न तिथून पुढे गांभीर्याने घेतला गेला. १९९३ च्या ऑक्टोबरात विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर विजयानंतर विद्यार्थी खाली लोटले आणि पुढच्या रांगेतले कठड्यावर दाबले गेले. सुमारे सत्तर जण जखमी झाले. हॉकीत काच आणि निसरडा बर्फ मध्ये असल्याने प्रेक्षकांनी मैदानात घुसण्याचे प्रकार कमी होतात, पण काचेला चिकटलेली पहिली रांग मात्र तितकीच अडकलेली असते.

दोन घटनांनी नंतर नियम पुन्हा हलवले. मार्च २००२ मध्ये कोलंबस येथे एनएचएल या व्यावसायिक हॉकी लीगच्या सामन्यात उडालेली चकती, म्हणजे सुमारे १७० ग्रॅम वजनाचा कडक रबराचा ‘पक’, प्रेक्षकांत बसलेल्या तेरा वर्षांच्या मुलीला लागून दोन दिवसांनी तिचा मृत्यू झाला. पुढच्या हंगामापासून एनएचएलने दोन्ही गोलांमागे काचेच्या वर जाळी सक्तीची केली, आणि कॉलेज रिंकमध्येही जाळ्या आल्या. नेमका विद्यार्थ्यांचा भाग अनेक ठिकाणी गोलामागेच असतो. त्यानंतर फेब्रुवारी २००३ मध्ये ऱ्होड आयलंडच्या एका नाइटक्लबमध्ये आग लागून शंभर माणसे गेली, आणि दर अडीचशे माणसांमागे एक प्रशिक्षित गर्दी-व्यवस्थापक ही राष्ट्रीय संहितेतली अट आणखी व्यापक झाली. चार हजारांच्या रिंकला या हिशेबाने सोळा माणसे लागतात.

याच काळात खेळ छोट्या इमारतींबाहेरही पडू लागला. ६ ऑक्टोबर २००१ ला मिशिगन आणि मिशिगन स्टेट यांच्यातील सामना फुटबॉलच्या उघड्या मैदानावर ७४,५५४ लोकांनी पाहिला. ११ डिसेंबर २०१० ला त्याच दोन संघांच्या सामन्याला मिशिगन स्टेडियममध्ये १,१३,४११ प्रेक्षक असल्याचे जाहीर झाले. गिनीजने पडताळणी करून विक्रम नोंदवला तो १,०४,१७३ चा. जाहीर केलेला आकडा आणि मोजलेली माणसे यांत नऊ हजारांहून अधिक फरक होता, आणि सुटकेच्या वाटांचा हिशेब करणाऱ्यासाठी यांपैकी दुसराच आकडा कामाचा असतो.

मॅथ्यूज अरीनामधला शेवटचा हॉकी सामना डिसेंबर २०२५ मध्ये झाला, आणि नॉर्थईस्टर्न विद्यापीठ आता त्याच जागी नवे क्रीडासंकुल बांधणार आहे.