कोच सोडून समोरासमोर

फ्रॉइडप्रणीत मनोविश्लेषणात रुग्ण कोचावर आडवा होऊन मनात येईल ते बोलत जातो आणि विश्लेषक त्याच्या नजरेआड बसून बहुतांशी ऐकत राहतो. या पद्धतीने सुधारण्याऐवजी ढासळत जाणाऱ्या, पण भ्रमिष्टही न म्हणता येणाऱ्या रुग्णांच्या गटाचे वर्णन न्यूयॉर्कचे अ‍ॅडॉल्फ स्टर्न यांनी १९३८ मध्ये केले. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानसंहितेत ‘बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ या नावाने या विकाराचा समावेश झाला. टाकून दिले जाण्याची पराकोटीची भीती, आतून जाणवणारे रितेपण, अनावर संताप, स्वतःला इजा करणे आणि टोकाची नाती ही त्याची प्रमुख लक्षणे होत.

व्हिएन्नात जन्मलेले आणि चिलीमार्गे अमेरिकेत आलेले ऑटो कर्नबर्ग यांनी यामागची मनोरचना उलगडली. एकाच माणसात चांगले आणि वाईट दोन्ही असते हे या रुग्णांना भावनेच्या भरात पेलत नाही. आपल्या रागाने चांगल्याचा नाश होईल या धास्तीने मन दोन्ही प्रतिमा अलग ठेवते, आणि म्हणून कालचा तारणहार आज वैरी ठरतो. अशा मनाला विश्लेषकाचे मौन हा त्याच्या बेपर्वाईचा पुरावाच वाटला, तर नवल नाही.

कर्नबर्ग यांच्या पद्धतीत म्हणूनच आठवड्यातून दोनदा समोरासमोर बैठक होते आणि आत्महत्येचा विचार बळावल्यास कोणी काय करायचे, हे आधीच ठरवून घेतले जाते. समजा, उपचारकाने दोन आठवड्यांच्या रजेची कल्पना दिली आणि पुढच्या वेळी रुग्ण उशिरा येऊन म्हणाली, ‘तुम्हाला माझा कंटाळा आला आहे.’ उपचारक लगेच तिच्या बालपणाकडे वळत नाही. गेल्या आठवड्यात एकमेव आधार वाटणारा आपण आज निष्ठुर कसे दिसू लागलो, हे तो तिच्यासमोर मांडतो आणि दोन्ही चित्रे एकत्र पाहायला लावतो. या वेळी त्याच्याही मनात चीड किंवा तिला वाचवण्याची अतिरेकी ओढ उसळते. ब्रिटिश विश्लेषक विनिकॉट यांनी उपचारकाच्या मनातील द्वेषाविषयी १९४९ मध्येच मोकळेपणाने लिहिले होते. ती भावना दडपण्यापेक्षा ओळखणे हा उपचाराचाच भाग ठरतो.

लंडनमधील अँथनी बेटमन आणि पीटर फोनागी यांनी निराळा भर दिला. भावना उसळल्या की समोरच्याच्या मनात काय असेल, हा अंदाज घेण्याची क्षमता कोलमडते. तेव्हा अचूक अर्थ लावून सांगण्यापेक्षा उपचारकाने कुतूहलाने प्रश्न विचारत ती सावरावी, असे ते मानतात. मला हा संयम अधिक पटतो. त्यांच्या चाचणीतील ४१ रुग्णांचा आठ वर्षांनी मागोवा घेतला, तेव्हा या उपचारगटातील २३ टक्के, तर नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी ७४ टक्के रुग्णांनी आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे आढळले. आकडे ठळक आहेत, पण गट लहान होता.

अमेरिकेत ९० रुग्णांवर वर्षभर तीन उपचारांची तुलना झाली: कर्नबर्ग यांची पद्धत, मार्शा लिनेहान यांची वर्तनाधारित पद्धत आणि आधार देणारे मनोविश्लेषणात्मक उपचार. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नैराश्य आणि एकंदर जीवनव्यवहार यांत तिन्ही गट सुधारले. जवळच्या नात्यात सुरक्षित वाटण्याची क्षमता मात्र केवळ पहिल्या गटात लक्षणीय वाढली. अर्थात अभ्यासकांत कर्नबर्ग स्वतः होते, हे वाचताना ध्यानात ठेवलेले बरे.