लिथियमची गोळी म्हणजे झोपेची गोळी नाही बाप्पा

आपल्या इकडे पारावर बसलेला कोणीबी सांगते, डोक्याच्या गोळ्या म्हणजे झोपेच्या गोळ्या, सवय लागली का माणूस कामातून गेला. बायपोलर, म्हणजे मन कधी तेजीत तर कधी उदासीत जायचा आजार, त्यावर देतात ते लिथियम ना झोपेचं औषध आहे ना त्याची नशा होते, तो एक क्षार आहे, ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टरनं 1949 मध्ये तेजीतल्या पेशंटवर त्याचा गुण दाखवला. तेजी म्हणजे दोन तास झोपून बी थकवा नाही, रात्रीच वावरात फेऱ्या, उधारीवर ट्रॅक्टर बुक, अन् मग उदासी आली का वेचायला आलेला कापूस तसाच उभा, लोक म्हणतात आळशी झाला. बरं वाटलं म्हणून गोळी एकाएकी सोडली का तेजी परत उसळू शकते, अन् घरचे म्हणतात पाहा, सवय लागली होती!

खरी काळजी रक्तातल्या लिथियमच्या लेव्हलची, ते पारावर कोणी बोलत नाही. मे महिन्यात 45 डिग्रीत घाम गाळला, पाणी कमी पिलं, नाहीतर अंगदुखीसाठी मेडिकलमधून डायक्लोफेनॅक घेतली, तर लेव्हल चढते. हात लय थरथरले, उलट्या-जुलाब झाले, तोल जाऊ लागला तर लगेच दवाखाना गाठा. किडनी-थायरॉईडची तपासणी बी अधूनमधून लागते. काही विचारायचं असलं तर टेली मानस, म्हणजे मनाच्या आजारासाठी सरकारची फोन हेल्पलाईन, 14416, फुकट आहे, मराठीत बोलतात.